चार पावलं, तीन सेकंद

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्याने सध्या कागदावरच). तुझ्या गुडघ्याला नवं औषध लागू पडलं का? माझा चष्मा परवापासून सापडत नाही, म्हणून हे पत्र मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय. तिचं कौतुक तिलाच लिहायला लावणं बरं दिसत नाही, पण इलाज नाही.

तर आपल्या या पोरीने स्वतः कोड लिहून कॉम्प्युटरवर गेम केला. त्यात एक म्हातारा घरभर चष्मा शोधतो. (तिला हे कुठून सुचलं, विचारू नकोस.) चार पावलं चालतो, भिंतीला हात टेकून तीन सेकंद थांबतो, पुन्हा चार पावलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचे सेकंद मोजणारी ही कोण, म्हणून मी रागाने घरात चालून पाहिलं. तीनच भरले.

परवा शाळेत तिच्या वर्गातल्या मुलांनी तो खेळून अभिप्राय दिले. मीही पाहुणा म्हणून मागच्या बाकावर होतो. नियम असा, की चिठ्ठीवर एक आवडलेलं आणि एक बदलायचं लिहायचं, आणि चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत गेम करणारीने तोंड उघडायचं नाही. तेवीसपैकी एकोणीस चिठ्ठ्यांत एकच तक्रार: म्हातारा फार हळू आहे, पळवा. एकाने तर त्याला चाकं लावायला सांगितली. मी उठून माझ्या कंबरेची बाजू मांडू लागलो, तर बाईंनी मलाच एक कोरी चिठ्ठी देऊन खाली बसवलं. पोरगी ओठ मिटून सगळं वहीत उतरवत होती. मला वाटलं, झालं, एवढ्या जणांपुढे ही काय टिकणार, आता मला पळवते.

शेवटी ती उभी राहिली. म्हणाली, "तो थांबला की बटण दाबायचं, मग तो एक गंमत सांगेल. एवढं करते. पण वेग वाढवणार नाही. आजोबा तेवढंच चालतात. मी थांबते, तुम्हीपण थांबा."

ताई, माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. (ते आधीच सैल होतं, असं लिहिणारीचं म्हणणं आहे.)

तुझा,
धाकटा

ता. क. गेममध्ये कपाटात एक राक्षसही आहे, पण त्याच्या आवाजाला एकही मूल घाबरलं नाही. तेव्हा लहान तोंडी मोठा घास घेतो, पण तुझं दुपारचं घोरणं रेकॉर्ड करून पाठवशील का? पत्राचं खरं कारण हेच.

आणखी ता. क. (लिहिणारीकडून) आत्याआजी, या पत्रालाही माझी चिठ्ठी. आवडलेलं: सगळं माझ्याबद्दल आहे. बदलायचं: आजोबांनी एक गोष्ट गाळली. त्यांचा चष्मा वर्गातच राहिला होता, मागच्या बाकावर. मी बोलत असताना डोळे पुसायला काढला होता. बाईंनी तो आज दिला. पत्र संपेपर्यंत मी दप्तरातच ठेवलाय, नाहीतर त्यांनी मला लिहू दिलं नसतं.