गैरहजर तीन रविवार

२० जून १९७१, रविवार
साल्ट लेकच्या निर्वासितांच्या छावणीत नर्सची ड्यूटी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. कॉलरा आटोक्यात नाही आणि सीमेपलीकडून लोक यायचे थांबत नाहीत. एका बाईची शीर सापडेना. चौथ्यांदा सुई लागली. सलाईनची अर्धी बाटली गेल्यावर डोळे उघडून म्हणाली, "एकटू जोल दाओ, दिदी." थोडं पाणी मागत होती. तिथेच बसून रडावंसं वाटलं.
चर्चमधली चारची मराठी उपासना बुडाली. सलग तिसरी.

२२, मंगळ.
चर्चच्या पंचांची चिठ्ठी. सेक्रेटरी गायकवाड मास्तरांचं वळणदार अक्षर. तीन रविवार गैरहजर, सबब सभासदांच्या यादीतून नाव कमी. प्रभुभोजनाची भाकर नि प्याला बंद. आणि लग्नाची सूचनाही वाचणार नाहीत! ४ जुलैपासून तीन रविवार चर्चमध्ये माझं नि प्रभाकरचं नाव वाचायचं ठरलं होतं. ते वाचल्याशिवाय लग्न लावत नाहीत.
हा नियम इंग्रजी चर्चकडे पळणाऱ्यांसाठी केलेला. आपली मराठी घरं अठरा, उपासनेची जागाही बंगाल्यांकडून उसनी, माणसं टिकावीत म्हणून. तेव्हा मीसुद्धा हात वर केला होता. मूर्ख मी!

२७, रवि.
मेट्रनने सुट्टी दिली. उपासनेला गेले, मागे बसले.
आजचा शास्त्रपाठ मास्तरांनी वाचला. वाळलेल्या हाताचा माणूस. नियमांवर बोट ठेवणारे शास्त्री-परूशी टपून बसलेत, प्रभू शब्बाथला, काम वर्ज्य त्या दिवशी, कुणाला बरं करतो का बघायला. प्रभू विचारतो, आज जीव वाचवावा की घ्यावा? सगळे गप्प. हात बरा झालेला डोळ्यांनी पाहतात आणि बाहेर जाऊन याला संपवायचं कसं ते ठरवतात.
संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मास्तरांनीच शिकवली. परूश्यांची नक्कल करून हसवायचे आम्हाला. आज वाचली, चष्मा पुसला, खाली बसले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.
बाहेर गाठलं. "मास्तर, आत्ता तुम्ही काय वाचलंत?"
"पोरी, तो प्रसंग वेगळा. नियम सगळ्यांना सारखा."
पोरी म्हणे! त्या गोष्टीत प्रभूसुद्धा संतापतो. स्पष्ट लिहिलंय. मग मीच का शांत राहायचं?

२९, मंगळ.
अप्पांनी माझ्या नावाने माफीपत्र लिहून आणलं. "नुसती सही कर. दोन ओळी आहेत."
"माफी कशाची, अप्पा?"
"तुझ्या आईला पुरताना हीच माणसं आली होती."
अप्पांना माणसं तुटायची भीती. भीती खरी आहे, म्हणूनच जास्त राग येतो.
फॅक्टरी सुटल्यावर प्रभाकर हावड्याहून आला. त्याचंही तेच. "करून टाक ना सही. देवाला खरं काय ते ठाऊक आहे."
देवाला ठाऊक, मग मास्तरांना का नको? मोठ्याने बोलले. चहा न घेता गेला.

३०, बुध.
सही केली नाही. अप्पांच्याच कागदाच्या मागे लिहिलं : "२० तारखेला ज्या बाईला मी सलाईन लावली, तिला मरू द्यायला हवं होतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवावे." खाली पूर्ण नाव. स्वतः मास्तरांच्या हातात दिलं. तिथेच उभ्याने वाचलं त्यांनी. घडी करून खिशात ठेवलं.

३ जुलै, शनि.
उत्तर नाही. एस्प्लनेडला ट्रामच्या रांगेत मास्तर दिसले. मला पाहिलं आणि रांग सोडून पलीकडच्या फुटपाथवर गेले.
उद्या रविवार, पुन्हा सहा ते सहा ड्यूटी. मेट्रन बदलून देत होती. नको म्हटलं.
प्रभाकर संध्याकाळी आला होता. म्हणाला, "उद्या मी चर्चला जातो. आपलं नाव वाचलं नाही तर..."
"तर काय करशील?"
खाली वाकून बुटाची बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.