नाना कोडं सोडवतात तेव्हा

चिखली,
मंगळवार, १४ फेब्रुवारी १९३९, दुपार

प्रिय लक्ष्मीकांत,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तुझ्या बढतीची बातमी मी नानांना सकाळी वाचून दाखवली, आणि संध्याकाळी त्यांनी विचारलं म्हणून पुन्हा वाचली. दोन्ही वेळा त्यांना सारखाच आनंद झाला. दुसऱ्यांदा ऐकतानाही ती बातमी त्यांना नवीच होती. तुझ्या मागच्या पत्रात तू लिहिलंस की वय झालं की थोडंफार असं व्हायचंच, ताई, बाहेर कुणाशी बोलू नकोस. मी तुझं ऐकलं. त्याचं काय झालं ते आज सविस्तर लिहिते. मधेच पत्र बाजूला ठेवू नकोस.

तू नागपूरला गेलास त्या वर्षी नानांनी तिथलं दैनिक लावलं, ते तुझ्या गावाची खबर घरात असावी म्हणून. खबरा राहिल्या बाजूला, त्यांना शेवटच्या पानावरच्या शब्दकोड्याचा नाद लागला. मलकापूरहून येणाऱ्या मोटारीतून दुपारी अंक यायचा. नाना दवाखान्यातून जेवायला आलेले असायचे. हात धुतले की ओसरीवर बसून कोडं. मी कुंकवाला मुकून माहेरी आले, त्यानंतर तेच आमचं बोलणं झालं. ते आडवे शब्द वाचत, मी उभे. सोडवायला त्यांना टाक-दौत लागे. "शिसपेन कशाला? खोडायची वेळ येते त्याला शिसपेन," असं म्हणत. पाव तासात चौकट भरून मोकळे.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी आपणहून शिसपेन मागितलं. मला वाटलं, डोळे शिणले असतील. मग काही घरं रिकामी राहू लागली. एके दिवशी 'लेखणीची सोबतीण, दोन अक्षरं' यावर ते किती तरी वेळ थांबले. समोरच्या दौतीकडे बोट करून म्हणाले, "ते गं, ते... ज्यात निळं असतं ते." मी दौत म्हटलं तेव्हा ते माझ्यावर चिडले. ते मला आयुष्यात कधी जोरानं बोलले नव्हते. पौषात 'पांढऱ्या फुलांचं विषारी झुडूप, तीन अक्षरं' असं होतं. नानांनी लिहिलं, धोतर. शेवटच्या अक्षरावरून खाली 'प्रजेचा धनी' होता, म्हणजे राजा, तिथे त्यांनी रजा लिहिलं. त्यांनी थट्टा केली असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे की." एकतीस वर्षं कंपाउंडर म्हणून ज्यांच्या हातून औषधं गेली, त्या माणसाला धोतरा आठवला नाही. त्या दिवशी मी तुला पहिलं पत्र लिहिलं. आणि ते झोपले की त्यांचे चुकलेले शब्द पुसून बरोबर लिहून ठेवायला लागले, म्हणजे शेजारून कुणी अंक मागितला तर दिसू नये.

आता जे तुला लिहिलं नव्हतं ते लिहिते. बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या नाना दुपारी घरी बसून लिहितात, हे तुला ठाऊक आहे. 'पोटात घेण्याचे', 'चोळण्याचे'. खाली औषधाचं नाव. संक्रांतीच्या आधी मला एक चिठ्ठी उलटी लिहिलेली दिसली. सांध्यांना चोळायच्या औषधाच्या नावावर 'पोटात घेण्याचे'. मी ती फाडली, दुसरी लिहिली, आणि गड्डीत ठेवून दिली. नानांना बोलले नाही. महादेवराव डॉक्टरांनाही सांगितलं नाही. त्यानंतर रोज गड्डी तपासायची असं ठरवलं, आणि एक दिवस मला ताप होता.

मुलींच्या शाळेतल्या विमलबाई तुला आठवत असतील, त्यांचा घसा बसला म्हणून त्या औषधाला गेल्या. मिळालेल्या बाटलीवर 'पोटात घेण्याचे' होतं. तिला कापराचा वास येत होता, पण डॉक्टरचं औषध म्हणून त्यांनी नाक दाबून दोन वेळा घेतलं. संध्याकाळी त्यांच्या तोंडाला कोरड पडली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, सख्ख्या बहिणीला ओळखेनात. हवेत काहीतरी वेचत होत्या म्हणे. गेल्या बुधवारी त्या गेल्या. चोळायच्या औषधाला कापराचा वास असतो आणि त्यात धोतऱ्याच्याच जातीचं विष असतं, हे मी लहानपणापासून जाणते. बहिणीनं बाटली दाखवली तेव्हा मी ती लांबूनच ओळखली.

पोलिसांनी रहेमतुल्लाला नेलं. बाटल्या धुवायचं आणि चिठ्ठ्या डकवायचं काम त्याचं, म्हणून चूक त्याची. बुलढाण्याला शनिवारी त्याची चौकशी आहे. त्यानं नानांचं नाव घेतलेलं नाही. त्याची बायको खुर्शीदा परवा आपल्या मागच्या दारी आली. रडली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बाई, माह्या घरवाल्याले अलीफसुद्धा येत नाही. नानासाहेब देतील ते कागद तो चिटकवते. त्याले काय मालूम, त्याच्यावर काय लिवलं हाय? मी म्हनलं, सांग ना तसं फौजदाराले. तर मले म्हंते, म्हाताऱ्याले या वयात कचेरीत उभं करू का?" मी तिला पाणी दिलं. ते न पिताच ती गेली.

त्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. कोडी नेली, मी पुसलेली आणि न पुसलेली. त्यांनी नीट पाहिलीही नाहीत. म्हणाले, "कंपाउंडरांचा हात एकतीस वर्षांत चुकला नाही. चूक कुणाची ते ठरलेलं आहे. तुम्ही घरात लक्ष घाला." दवाखान्याचं नाव जाईल याची त्यांना भीती आहे, ते मला कळतं. पण नाना अजून जातात, लक्ष्मीकांत. मी त्यांच्या वहाणा लपवल्या, तर अनवाणी गेले. आज सकाळी निघताना उंबऱ्यात थांबून मला विचारत होते, "विमलबाईंचा घसा बरा झाला का गं? पुन्हा आल्या नाहीत."

काल बाजाराचा दिवस होता. मी दवाखान्याच्या बाहेर लिंबाखाली उभी राहिले आणि बाटली घेऊन निघालेल्या प्रत्येकाला थांबवून बूच काढून हुंगलं. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. नऊ बाटल्या पाहिल्या. त्यातल्या एका बाटलीवर 'पोटात घेण्याचे' लिहिलेलं होतं आणि आत कापूर घमघमत होता. ती मी काढून घेतली, घरी कडीकुलपात ठेवली आहे. आज सकाळीही तिथेच उभी राहून सगळ्या बाटल्या हुंगल्या, आता नाना जेवून घरात झोपले आहेत. ती आणि ती सगळी कोडी घेऊन मी शनिवारी सकाळच्या मोटारीनं बुलढाण्याला जाणार आहे. तिथे सांगणार आहे की चिठ्ठी नानांनी लिहिली, आणि त्यांना आता अक्षरं साथ देत नाहीत हे मला तीन महिने माहीत होतं. यासाठी तुझी परवानगी मागत नाही. तुझ्या नोकरीवर, घराच्या नावावर काय येईल ते येईल. मला तू हवा आहेस तो दुसऱ्या कामासाठी. शुक्रवारपर्यंत ये. मी नसताना नानांना कुणीतरी दाराच्या आत ठेवलं पाहिजे, आणि ते तुझंच ऐकतील. हे पत्र लिहायला बसले ते आणखी एका कारणानं, नुसती वाट पाहत बसवत नाही. काल मी लिंबाखाली पोचायच्या आधी दोन बाटल्या गेल्या होत्या. मेहकरच्या वाटेवरच्या खेड्यातली माणसं होती एवढंच कळलं, नावं नानांच्या वहीत आहेत पण ती वाचता येत नाहीत. आपला गडी कडूबा पहाटेच गाडी जुंपून त्या वाटेनं गाव गाव विचारत गेला आहे. आता तीन वाजून गेले. तो अजून परतलेला नाही.

तुझीच, दाराकडे कान लावून बसलेली,
सुहासिनीताई