दुसरी बाजू गैरहजर

३ फेब्रुवारी, सोमवार
लोरेटा काल बहिणीकडे राहायला गेली. तात्पुरती. दोन बॅगा आणि शिवणयंत्र नेलं. बागकामाचे बूट इथेच आहेत. निष्कर्ष: बर्फ वितळायच्या आत परत.

तिची तक्रार: दिवसभर फोनवर परक्यांचं ऐकतोस, घरात माझं ऐकत नाहीस. मी म्हणालो, मोघम नको. तारीख सांग, प्रसंग सांग. ती आधी हसली, मग रडली. तारीख नाही, प्रसंग नाही.

बेकारी भत्त्याची अपिलं घरून, फोनवर ऐकण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. कामावरून काढलेला माणूस आणि त्याचा मालक यांचं भांडण मी पाऊण तासात निकाली काढतो. हा तर घरचा मामला.

संकल्प: शांत राहणे. आपण होऊन फोन न करणे.

संध्याकाळी फोन केला. मेहुणीनं उचलला. म्हणाली, ती आंघोळ करतेय. पटण्यासारखं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
व्हॅलेंटाइन. मार्विन टिल्मन (माझ्यासारखाच सुनावणी अधिकारी, पण ढिला) म्हणाला, नॉर्ब, लेका, फुलं पाठव. फुलं म्हणजे पक्षकारावर दबाव. मी मुद्दे टाइप करून पाठवले. एक, घर सोडण्यास पुरेसं कारण होतं का. दोन, असल्यास ते आधी नवऱ्याच्या कानावर घातलं होतं का. खाली ‘प्रेमपूर्वक’ लिहिलं, म्हणजे रुक्ष वाटायला नको.

मार्विनला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, धन्य आहेस बाबा. दोनदा घटस्फोट झालेल्या माणसाची साक्ष मी विचारात घेत नाही.

४ मार्च, मंगळवार
उद्यापासून ईस्टरआधीचा उपवासकाळ. लोरेटा आली होती! स्वतःच्या किल्लीनं दार उघडून, पोंच्कीचा, म्हणजे उपवासाआधी खायच्या पोलिश डोनटांचा, खोका घेऊन.

मी मागच्या खोलीत सुनावणीत. टेप चालू. फोर्कलिफ्ट भिंतीवर कोणी घातली यावर गोदामाचा मॅनेजर रंगात येऊन बोलत होता. ती दारात उभी राहिली. कोट काढला नव्हता. हळूच म्हणाली, नॉर्ब, दोन मिनिटं. मी बोट वर केलं: थांब. टेप चालू असताना घरच्यांशी बोलणं शोभत नाही. तहकूब करता आलं असतं, पण मॅनेजरचा ओघ तुटला असता. ती मान हलवून स्वयंपाकघरात गेली.

संपवून गेलो तर घरात कोणी नाही. टेबलावर कॉफीचे दोन मग. तिचा रिकामा. माझा भरलेला, गार. पोंच्की आलुबुखाराच्या सारणाची, म्हणजे माझ्याच आवडीची. पुरावा सगळा माझ्या बाजूनं आहे.

तरी कॉफी ओतून देववेना. तशीच प्यालो.

१८ मार्च, मंगळवार
पोस्टवाला कोर्टाचं रजिस्टर पत्र घेऊन आला. सही मागितली. दिली नाही. तो म्हणाला, मिस्टर शिमान्स्की, मी फक्त आणून देतो हो, लिहीत नाही. मी म्हणालो, तुमच्यावर राग नाही. पण सही नाही म्हणजे नोटीस बजावली गेली नाही. नोटीस नाही म्हणजे खटला नाही. आणि खटला नाही म्हणजे लोरेटा रागाच्या भरात कुठल्यातरी घटस्फोटाच्या वकिलाकडे जाऊन आली, एवढंच.

३१ मार्च, सोमवार
तेच पत्र साध्या टपालानं आलं. उघडलं नाही. टोस्टरखाली ठेवलं.

आजची सुनावणी: वांडा क्रेग. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात बावीस वर्षं. अपिलाची मुदत टळून गेलेली. म्हणाली, साहेब, नोटीस आली होती, पण मी फोडली नाही. फोडली नाही तोवर नोकरी आहे असं वाटायचं. रोज सकाळी डबा भरायची आणि बसून राहायची. मी समजावलं, पाकीट पत्त्यावर पोहोचलं की नोटीस पोहोचली, न फोडणं हे सबळ कारण होत नाही. अपील फेटाळलं. निकाल एका पानात, स्वच्छ. माझ्या चांगल्या निकालांपैकी एक.

फोन ठेवताना बाई म्हणाली, तुम्ही ऐकून घेतलंत, फार दिवसांनी कुणीतरी ऐकलं. लोरेटाच्या फोनवर हा निरोप ठेवला, शब्दशः. तिला कळू दे.

११ एप्रिल, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण. लोरेटा बहिणीबरोबर आली होती. केस कापलेत. संकल्प केला होता: तीनच वाक्यं बोलायची, तिन्ही गोड.

जवळ गेलो आणि विचारलं, माझे मुद्दे मिळाले का?

तिनं काटा खाली ठेवला. बहिणीला म्हणाली, जेनीव्ह, जरा कोबीची कोशिंबीर आण गं. मग मला म्हणाली, नॉर्ब, पाकीट उघडलंस? मी म्हणालो, प्रलंबित प्रकरणावर बोलता येत नाही. ती चिडली नाही. माझ्या बाहीवर हात ठेवला. म्हणाली, चौदा मेला साडेनऊला ये. वकील नको, कागद नको. जजसमोर एवढंच म्हण की तुला हे नकोय. तेवढ्यावर मी सगळं मागे घेईन. देवाशप्पथ घेईन. पण तू ये, आणि तुझ्या तोंडानं म्हण.

एकतीस वर्षांत तिनं माझ्याकडे इतकं सोपं काही मागितलं नव्हतं.

घरी येऊन खूश होतो. पक्ष डळमळीत झालाय.

१३ मे, मंगळवार
पूर्ण विचारांती: जायचं नाही.

कारण उघड आहे. नोटीस नीट बजावलेली नाही ही माझी हरकत. मी हजर झालो की हरकत बुडाली. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं. मी नसलो की जज तारीख पुढे ढकलेल. एकाच बाजूचं ऐकून संसार मोडायचा, असं कुठलाही समजूतदार अधिकारी करणार नाही. पुढच्या तारखेपर्यंत लोरेटाचा राग उतरेल.

मार्विन म्हणाला, तुझी उद्याची कामं मी घेतो, तू जा. नको म्हणालो. त्यानं विचारलं, गैरहजर माणसाला तू स्वतः किती वेळा पुढची तारीख दिलीस रे? मी म्हणालो, माझी प्रकरणं वेगळी असतात. तो म्हणाला, नॉर्ब, ती तुला बोलावतेय, गाढवा. अशी भाषा मी ऐकून घेत नाही. फोन ठेवला.

दुपारी तिचं कपाट पुसलं. शनिवारसाठी नदीकाठच्या हॉटेलात दोघांचं टेबल सांगितलं. वॉलाय मासा तिला आवडतो. बहुतेक आवडतो.

१४ मे, बुधवार
दहाची सुनावणी. मालक लाइनवर, अर्जदाराचा पत्ता नाही. नियमाप्रमाणे वाट पाहिली. मग मालक म्हणाला, आता कसला येतोय, टाका लिहून. मी टेप चालू केली. ‘दुसरी बाजू गैरहजर’ हे वाक्य हजार वेळा बोललो असेन. आज तोंडातून बाहेर येईना. मालक म्हणाला, हॅलो? हॅलो साहेब? मी म्हणालो, तहकूब. उठलो, गाडी काढली.

कोर्टात पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, हॉल रिकामा होता. बेलिफ खुर्च्या नीट लावत होता. त्यानं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. टाय होता, पण पायात घरातल्या सपाता. फोनवर पाय कोणाला दिसत नाहीत.

तो म्हणाला, शिमान्स्की? झालं ते. बाईंनी जजना विनंती केली होती, आमचं प्रकरण शेवटी घ्या. म्हणाल्या, नवरा वेळेचा पक्का आहे, पार्किंग मिळत नसेल. सगळी प्रकरणं आटपली तरी दाराकडेच बघत होत्या. शेवटी जजनी विचारलं, हे लग्न सावरण्यासारखं आहे का? त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं हो. मग नाही म्हणाल्या. त्या मागच्या जिन्यानं गेल्या.

मी म्हणालो, अपील करायचंय. तो म्हणाला, खाली फॉर्म मिळतो. पण कारण लागतं. काय कारण?

बजावणीचा मुद्दा होता. मुदतीचा होता. सगळे तोंडपाठ. मी म्हणालो, मला हे नकोय. मला ती हवी आहे.

मोठ्यानं म्हणालो. शब्द अगदी नीट आले, एकही चुकला नाही. हॉलमध्ये बेलिफ होता आणि मी होतो.

त्यानं हातातली खुर्ची रांगेत लावली. मग म्हणाला, साहेब, हॉलला कुलूप लावायचंय.