शेंडीची गाठ

कडाव, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

प्रिय गोदे,

आधी तक्रार. आपली मांजर माझ्या पोथ्यांच्या रुमालात व्यायली. मला विचारलं नाही, मुहूर्त पाहिला नाही. चार पिल्लं शास्त्रांवर पसरून झोपली आहेत. म्हणून जुन्या पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर लिहितो आहे. पत्राचं कारण मात्र मांजर नव्हे.

मंगळवारी कशेळ्याहून परतताना ठाकरवाडीत पाणी मागायला थांबलो. तिथला जैतू भिवपुरीला वीजघराच्या बांधकामावर, बाकी वाडी रानात लाकडांना, आणि झोपडीत त्याची बायको कोंडी अडलेली. सोबतीला एकटी म्हातारी सुईण, आवडी. मला दारात पाहून म्हणाली, "बघत काय ऱ्हायलास भटा? पाठ धर तिची." तीस वर्षांत मला कोणी अरेतुरे केलं नव्हतं. आत गेलो आणि कोंडीची पाठ धरली. बाई मोकळी व्हावी म्हणून तिनं घरातल्या साऱ्या गाठी सोडल्या होत्या, दाव्याची, शिंक्याची. माझं उपरणं सोडायला लावलं, मग डोक्याकडे बघून म्हणाली, "ती पण सोड." शेंडी मोकळी करून बसलो.

गोदे, मी अजून भानावर नाही. काव्यांत शेकडो जन्म वाचले. तिथं दिशा उजळतात आणि पुढचा श्लोक सुरू होतो. इथं कोंडी आढ्याचा दोर धरून उकिडवी, आणि तिची प्रत्येक कळ माझ्या छातीवर आदळत होती. आवडी म्हणत होती, ओरड, लाजू नको. कळ येते तशी जाते. मधे अंग सैल सोडायचं, घोटघोट पेज प्यायची, आणि सुईण सांगेल तेव्हाच जोर करायचा. हे नीट लक्षात ठेव. बापानं असलं लिहू नये, पण ती लाज मी त्या झोपडीतच विसरून आलो. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

पौषात तू बाळंतपणाला आलीस की आवडी आपल्याकडे येणार आहे. शेजारच्या येसूबाई म्हणतात, आळी नावं ठेवील. ठेवू दे.

हे सारं तुला आईनं सांगायचं. तुझ्या वेळी ती आत होती आणि मी ओटीवर घटिकापात्र मांडून जन्मवेळ टिपत होतो, शेंडीला घट्ट गाठ मारून. तुझ्या पत्रिकेत पळाचीही चूक नाही. तुझी आई कधी गेली, ते मात्र मला ठाऊक नाही. मी गणित करत होतो. तू आता तिच्याच वयाची आहेस. या खेपेला मी ओटीवर बसणार नाही. तुझी पाठ मी धरली तर चालेल का, तेवढं कळव. मला फार भीती वाटते, पोरी.

तुझाच,
अण्णा