सॉल्टवेल रस्त्याची नोंदवही

१२ ऑक्टोबर, सोमवार

सॉल्टवेलला पोचले. दोन पेट्रोलपंप, तीन चर्च, आणि बघण्यासारखं काही नाही हे गावकरी अभिमानानं सांगतात. म्हणूनच गावच्या पर्यटन समितीनं मला बोलावलं. गावामागच्या बेचाळीस मैलांच्या कच्च्या रस्त्यावर कुठे थांबायचं आणि कुठल्या खडकाकडे बघून आहाहा म्हणायचं, याची पुस्तिका मी लिहायची. तीस वर्षं शाळेत भूगर्भशास्त्र शिकवलं. खडक निदान जांभया तरी देत नाहीत.

घरमालकीण आर्डिथ लंट. ताटात ग्रेव्ही ओतता ओतता तिनं दम भरला की रस्त्याच्या तोंडाशी पेटी आहे, तिच्यातल्या वहीत नाव, किती जण, परत कधी, सगळं लिही. नाहीतर आम्ही काय गिधाडांना विचारत फिरायचं? तिचा धाकटा भाऊ डेल या रस्त्यावर ग्रेडर चालवतो, म्हणजे माती खरवडून रस्ता सपाट करणारं अवजड यंत्र. त्यानं विचारलं, दगड बघून पोट भरतं का? म्हटलं, तुमचं माती खरवडून भरतं, तसंच.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

वहीत लिहिलं: वर्ना टॉलिव्हर, एकटी, परत शुक्रवारी.

पहिले दहा मैल लाल वालुकाश्म, वाळूच्या टेकड्याच जागच्या जागी दगड झालेल्या. वर जांभळट मातीचे थर, शिळ्या केकसारखे. डेल भेटला. फार अदबीनं म्हणाला की लोक माझ्या रस्त्यावरचे दगड खिशात घालून नेतात, ते मला सोसत नाही. माझ्या खिशात दोन होते. हसले.

१४ ऑक्टोबर, बुधवार, दुपार

तेविसावा मैल. ग्रेडरनं कडेला लोटलेल्या मातीत पांढरा तुकडा. दगड की जुनं हाड, हे आम्ही जिभेनं ठरवतो, हाड चिकटतं. चिकटलं. डायनासोर! नाचलेसुद्धा. मग उलटून पाहिलं. जबडा. दाढेत चांदी भरलेली. डायनासोर दातांच्या डॉक्टरकडे जात नसत.

माती उकरली. बूट. बुटात पाय. कोटाच्या खिशात वहीचं फाडलेलं पान कोंबलेलं: एकटा, परत रविवारी.

म्हणजे ती वही शोधायला नाही. किती दिवस कुणी शोधणार नाही, ते मारणाऱ्याला कळायला आहे.

तीन वाजता

डेलनं ग्रेडर घालून माझी गाडी ओढ्यात ढकलली. मी पळाले. गोळी डाव्या हाताला — दोन बोटं गेली. खडकाच्या चिरेत शिरलेय. तो बाहेरून ओरडतोय, वर्नाबाई, सावकाश या, शुक्रवारला दोन दिवस आहेत.

पावलं. मागच्या बाजूनं. दगड फोडायचा हातोडा उजव्या —

मारला. तीनदा. कवटी आत गेली —

डेल नाही. आर्डिथ.

कुजबुजत होती — वहीतलं तुझं पान डेलच्या जेवणाच्या डब्याखाली सापडलं, धावत आले, ट्रक मागे उभा आहे, किल्ली घे — मला शब्द कळले तेव्हा हातोडा खाली आलेला. किल्ली तिच्या मुठीत.

बाहेर आता माझं नाव नाही. ताई, म्हणतोय. ताई, तू आहेस का आत — जवळ —

तिची मूठ उघडत नाही. रक्तानं बोटं निसटताय—