डाव्या पायाची जागा

प्रिय चिहारू,

आधीच सांगते, घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आपल्या घरून पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं किंवा जायच्या बेतात आहे, असाच तुझा अनुभव. या वेळी जायच्या बेतात होती ती आपली पांढरी गाडी. 'होती' म्हटलंय, नीट वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "बरं, मग? मग?" करत मला पळवतेस, आणि ही गोष्ट मला पळत सांगायची नाही. चहा कर आणि बस.

तर ऑक्टोबरात पहिली संत्री उतरवायला घेतली तेव्हा गाडीला नवाच आवाज लागला. क्लचवर पाय नुसता टेकवला की पुढून 'कुईंऽऽ', कानात रातकिडा शिरावा तसा. पाय उचलला की गप्प. तुझे बाबा म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं झाली तिला. कण्हतेय बिचारी. आता तिचे हाल करायचे नाहीत." एवढा कळवळा गाडीचा नव्हता, हे मी ओळखलं. तुला मुद्दाम कळवलं नव्हतं, पण बाबांच्या उजव्या डोळ्याची कड अंधारत चालली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वर्ष संपलं की गाडी चालवायची नाही. वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी परवाने परत केले, दोन दिवस तोंड पाडून बसले आणि मोकळे झाले. पण आपल्या माणसाचं सगळंच जगावेगळं! गाडीच्या तपासणीची मुदत अठरा डिसेंबरला संपते, त्याच आठवड्यात आपण परवाना परत करायचा आणि गाडी भंगारात द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. "मी नाही तर तीही नाही." जणू जोडीनं निवृत्त व्हायचा मुहूर्तच काढला होता.

आणि डोंगरावर येणारी बस मार्चपासून बंद आहे, म्हणजे गाडी गेली की आपण वर, बाजार खाली. पण खरं सांगू? मला बाजाराची फिकीर नव्हती. मला ती गाडी हवी होती. अगदी लहान पोरीला हवी असते तशी हवी होती. का, ते येईलच पुढे.

वाचवलं ते कामेओकांनी. खालच्या वळणावरचं गॅरेज, बाबांचे शाळेपासूनचे मित्र, तू त्यांच्या टायरांच्या ढिगावर चढून पडली होतीस तेच. ते म्हणाले, "लेका तेत्सु, डॉक्टरला दाखवायच्या आधीच सरण रचतोस? आण इकडे." त्यांनी पेडल दाबलं, सोडलं, डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "क्लचचं बेअरिंग. वस्तू माझ्या तळहाताएवढी, पण तिथं पोचायला अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो." तीन दिवसांनी आम्हाला बोलावून त्यांनी ते कडं माझ्या हातावर ठेवलं. फिरवून पाहिलं तर भातातला खडा दाताखाली यावा तशी करकर, आणि एक बाजू तापून निळी पडलेली. एवढ्यावर थांबले असते तर ते कामेओका कसले! म्हणाले, "हे नुसतं म्हातारपणानं गेलेलं नाही हां. कुणीतरी सारखा क्लचवर पाय टेकवून गाडी चालवलीय. पाय आळशी झाला काय रे तुझा?"

बाबा उकडलेल्या ऑक्टोपससारखे लाल. "चव्वेचाळीस वर्षं चालवतोय! एकदा जरी पाय तिथं टेकवला असेल तर तेत्सुरो नाव लावणार नाही!" "मग काय तुझ्या घरची मांजर चालवते गाडी?" असं कामेओकांनी विचारलं. तू मला ओळखतेस, मी भांडणात पडत नाही. मांजर दोघांच्या मागे, पर्सिमनच्या फळांची पिशवी छातीशी धरून, निमूट उभी होती.

हो, चिहारू. मीच. हस, पोटभर हस.

मार्चपासून रोज दुपारी, बाबा समाजमंदिरात सोंगट्या खेळायला गेले की मी गाडी काढायची. आपल्याच बागेतला कच्चा रस्ता, शेडपासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. आपली हद्द, त्यामुळे कायद्याचं काही जात नाही. हमरस्त्यावर ही गाडी आणायची मला मुभाच नव्हती, कारण माझा परवाना फक्त आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा. तोही काढून कपाटात ठेवलेला. त्यावर निर्दोष चालकाची सोनेरी पट्टी आहे, माहीत आहे ना? वीस वर्षं गाडीच चालवली नाही, तर चूक कुठून होणार! खुद्द बाबांच्या परवान्यावर निळीच पट्टी आहे, याची त्यांना चारचौघांत आठवण करून द्यायला मला फार आवडतं.

मला वाटायचं, गाडी शिकायला वेगळं काय लागतं? अठ्ठावीस वर्षं पाहतेच आहे. पण आठव, मी कुठं बसायचे. पुढची सीट आधी तुझ्या आजीची, मग तुला गाडी लागायची म्हणून तुझी. तू अठराव्या वर्षी शिकलीस तेव्हाही बाबा तुझ्याशेजारी आणि मी मागे, भाताचे गोळे मांडीवर घेऊन. मागून हात दिसतात गं. गिअर कधी बदलायचा, स्टिअरिंग किती वळवायचं, सगळं मला पाठ होतं. मागून पाय मात्र दिसत नाहीत. काम नसताना डावा पाय कुठं ठेवायचा, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, म्हणून बिचारा क्लचवरच बसून राहायचा. आधीच म्हातारं झालेलं ते बेअरिंग माझ्या पायाखाली सात महिने चिरडलं जात होतं.

त्या दिवसापासून बाबा आणि कामेओका एकमेकांशी बोलेनात. एक दिवस नाही, नऊ दिवस! पन्नास वर्षांची दोस्ती, आणि रस्त्यात दिसले की एक समुद्राकडे बघणार, दुसरा डोंगराकडे. बाबांनी रागानं भंगारवाल्याला फोन लावला, "गुरुवारी घेऊन जा, जशी आहे तशी." बुधवारी ते गाडीची कागदपत्रं आणायला गॅरेजवर निघाले, तेव्हा मीही मागोमाग गेले. गाडी ठोकळ्यांवर चढवलेली, पोट मोकळं. दोघे तिच्या दोन बाजूंना, तोंडं फिरवून. मला वाटलं, नोरिए, आज गप्प बसलीस तर जन्मभर गप्प बस. आणि मी म्हणाले, "अहो, ती मांजर मी."

कामेओका हसता हसता टायरवर बसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी परीक्षा घेतली. "कधीपासून?" मार्चपासून. "कुठपर्यंत?" टाकीपर्यंत. "चढावर गाडी थांबवून परत काढता येते?" येते. "मागे घसरली?" दोनदाच. "दोनदाच?" बरं, सात-आठ वेळा. त्यांनी वाकून गाडीच्या पोटात डोकावलं. मग नऊ दिवसांत पहिल्यांदाच कामेओकांकडे बघून म्हणाले, "नवं बेअरिंग घाल. क्लच प्लेटही बदलून टाक, एकाच गोष्टीसाठी दोनदा खोलायला नको." एवढंच. मग मला, "आणि तू आधी रीतसर परवाना काढ. बेकायदा बाई माझ्या गाडीत नको." माझ्या गाडीत म्हणाले, पण चालेल!

पुढचं सगळं वाऱ्यासारखं झालं. गाडी शिकवणाऱ्या शाळेत चार तासांचा अभ्यासक्रम. शिकवायला ओगावा नावाची सव्वीस वर्षांची मुलगी, आणि बोलायला मिरची. पहिल्या तासाला मी सहा वेळा गाडी बंद पाडली. "काकू, पाय तुमचा पाहुणा आहे का? काम झालं की त्याला घरी पाठवा." आता ते घर कुठं आहे हे मला एकसष्टाव्या वर्षी समजलं, क्लचच्या डावीकडे. चौथ्या तासाला चढावर गाडी अशी उचलली की ओगावा म्हणाली, "अरे वा, ही काकू कुठून आली?" परीक्षेत पास! तपासणीतही गाडी पास! काचेवर दोन वर्षांचा नवा कागद चिकटलाय, मी दिवसातून चारदा जाऊन बघते. आवाज? छे, तिला आता क्लच आहे की नाही कळत नाही. आणि गाडी घरी आली त्याच दिवशी बाबांनी संत्र्याच्या खोक्याची फळी कापून, घासून, क्लचच्या डावीकडे ठोकून बसवली. माझ्या पायाच्या मापाची. माझी वहाण नेऊन त्यांनी माप घेतलं होतं, मला न विचारता. चिहारू, चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं मला एवढं गोड काही दिलं नव्हतं.

आज सकाळी आम्ही दोघे पोलिस ठाण्यात गेलो. एकाच खिडकीवर माझ्या परवान्याच्या पाठीवर शिक्का बसला आणि त्यांचा परवाना परत घेतला गेला. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. बाहेर येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. "पुढे या की," म्हटलं, तर म्हणतात, "पुढून पाय दिसतो. दिसला की मी बोलणार."

आता हे सगळं का लिहिलं, ते. तीन वर्षांपूर्वी तू बाग सांभाळायला घेणार नाही म्हणालीस, बाबा नको ते बोलले, आणि स्टेशनपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. फलाटावर तू मला म्हणालीस, "आई, तू जन्मभर मागच्याच सीटवर बसणार. तू स्वतः गाडी घेऊन मला न्यायला येशील, त्या दिवशी मी घरी येईन." सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा, अशा सुरात म्हणाली होतीस. मी ते शब्दशः धरलं, गं. तीस डिसेंबरला दुपारी दोन चाळीसच्या गाडीनं ये. मी स्टेशनबाहेर पांढऱ्या गाडीत असेन. बाबा मागे बसतील, हे त्यांनीच सांगितलंय. म्हणाले, "पुढची सीट तिची आहे." मागून त्यांना पाय दिसणार नाही, तेव्हा माझ्या डाव्या पायाकडे तूच लक्ष ठेव.

तुझीच,
पाय फळीवर ठेवून वाट बघणारी
आई