उडत्या बाईची भाकरी

४ फेब्रु., मंगळ.
लहानपणीची मे महिन्याची सुट्टी, विहिरीजवळच्या इंजिनच्या खोलीची सावली. मी हॉस्टेलहून आलेली, ट्रंकेत गणवेशाखाली सिस्टरनी दिलेली जुनी इंग्रजी चित्रांची पुस्तकं. धाकटा भाऊ बापू शेजारी पालथा पडलेला. तो गावच्या मराठी शाळेत, त्याला त्यातलं अक्षर लागायचं नाही. चित्रावर बोट ठेवून विचारायचा, "आक्का, ही आता काय म्हंती?" आणि मी सांगायची. पिवळ्या केसांची, लाल झूल पाठीवर घेऊन उडणारी बाई. तिचं इंग्रजी नाव त्याच्या तोंडात बसेना, म्हणून उडती बाई.

आज पेपरात आलंय, उ. बा.वर सिनेमा येतोय. काम करणारी मुलगी कृष्णवर्णीय. फोटो छान आहे. सईनं तो दोनदा मोठा करून पाहिला. मग माझी जुनी लाल साडी मागितली, झूल शिवायला. (सई बापूची नात. सहावीपासून शाळेसाठी माझ्याकडे बारामतीत. रंगानं माझ्यावर गेली आहे.)

६ फेब्रु., गुरु.
बापूला फोन. पडद्यावर उ. बा. आली की तिघांनी मिळून बघायची, हे सई लहान असल्यापासून ठरलेलं. तर बापू म्हणतो, येणार नाही. फोटो त्याला कुणी पाठवला होता.

"ही न्हवं ती. हाय तसं ठिवावं की मान्सानं. उद्या मारुतीला शेंदराच्या जागी निळा रंग द्याल."

मी म्हटलं, मुलगी काम चांगलं करते म्हणतात. तर म्हणे, "काळी बाई कुठं उडती व्हय?"

फोन स्पीकरवर होता. सई समोर गणितं करत होती.  नंतर पाहिलं तर झूल घडी करून कपाटात, खालच्या कप्प्यात. एका बाजूची शिवण राहिलेली.

८ फेब्रु., शनि.
शालन (बापूची बायको) एस.टी.नं आली. पेरू, डाळिंबं, आणि एका पुडीत डाळीचं पीठ, एकीत आंबेहळद. "वन्सं, सईला लावा साईत कालवून. आता मोठी व्हायला लागली." माया आहे तिची, रागावता येत नाही. मलाही आई लावायची. काही फरक पडला नाही.

कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या नाटकात दर वर्षी मी मेंढपाळ. देवदूत सगळ्या गोऱ्या मुली. फेटा मला छान बांधता यायचा, तेव्हा वाईट वाटल्याचं आठवत नाही. पण सईनं पुडीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आजोबांनी सांगितलंय का?" तेव्हा वाटलं.

पुड्या स्वयंपाकघरात ठेवल्या.

९ फेब्रु., रवि.
निमगावला बापूकडे गेले, एकटी. पिशवीत उ. बा.चं पुस्तक. तीनच उरलीत, त्यातलं पहिलं.

बापू बागेत, डाळिंबाच्या फांद्या बांधत होता. म्हणाला, "सईचं कळलं शालनकडनं. मी पोरीला बोललो न्हाय." मी म्हटलं, तिनं ऐकलं ना. मग बराच वेळ समजावत राहिला, की प्रश्न रंगाचा नाहीच. आपली बाई वेगळी होती. पदर खोचून उडायची. दुष्मनाला 'आरं मुडद्या' म्हणायची. दमली की भाकरी-ठेचा घेऊन बसायची. "शिणमात दावतील का त्ये? आपलं लोक वरिजनल सोडून भलतंच करत्यात."

हसू आलं, पण आवरलं. पुस्तक काढलं. त्यानं लगेच पान शोधलं, ती गच्चीवर बसलेली. बोट ठेवलं. इतक्या वर्षांनी तसंच बोट.

"वाच."

जसं छापलंय तसं वाचलं, मग अर्थ सांगितला. ती कॉफी पितेय. म्हणतेय, उद्या ऑफिसला उशीर होणार.

"आन् भाकरी?"

"नव्हती."

"आरं मुडद्या?"

"ते आपल्या आत्याचं बोलणं."

पुढची पानं त्यानं स्वतःच उलटली. मग म्हणाला, "म्हंजे तू बदलली व्हय तिला."

"तुला ओळखीची वाटावी म्हणून."

"मला तर आत्याच दिसायची." एवढं बोलून पाण्याचा कॉक फिरवायला गेला, तो चहा होईपर्यंत आला नाही. आमच्या घरात सगळ्यांत काळी आत्या.  

निघताना म्हणाला, "पुस्तक ऱ्हाऊ दी हितं." रागात की कसं, कळलं नाही.

१३ फेब्रु., गुरु.
रविवारची तीन तिकिटं काढली. हिंदीचा खेळ सकाळी, इंग्रजी दुपारी. सई म्हणाली इंग्रजी. आजोबा येणार का, विचारलं. म्हटलं, कळवलंय. त्यावर ती, "नाही आले तर आपण दोघी. पण झूल नको."

शालनचा फोन. आमचे हे दिवसभर ते पुस्तक घेऊन बसतात, म्हणाली. जेवायलाही उठत नाहीत. पोटात दुखतंय का, विचारलं तर खेकसले. रविवारचं काही बोलले का, तर नाही.

त्याच्या आठवणींतली बाई मी काढून घेतली का. की...

१५ फेब्रु., शनि.
उद्याचं लिहून ठेवते, गडबडीत विसरायला नको.

बापूचं तिकीट थिएटरच्या दारावरच्या माणसाकडे. निमगावचे बापू, पांढरी टोपी, असं सांगायचं. मध्यंतरापर्यंत तरी ठेवा म्हणायचं.

पहिलं पुस्तक बापूकडेच राहू दे, परत मागायचं नाही. उरलेली दोन सईची, आजपासून.

झूल सईची. राहिलेली शिवण मी घातली, इस्त्री केली. माझ्या पिशवीत असेल. मागितली तर द्यायची, आपण काढायची नाही.

डाळीचं पीठ: आल्यावर पिठलं. आंबेहळद शेजारच्या काकूंना, लोणच्याला.

खुर्च्या: सई मधली. बापू आला तर त्याला इंग्रजी कळणार नाही, विचारत राहील, ही आता काय म्हणते. त्याच्या कानात सांगायचं काम सईचं. तिला सुचेल तसं. मी मधे बोलायचं नाही.